कणकेचा गोळा अन् आमचे पोट्टे

किस्से जमवावे लागत नाहीत. मी सकाळी चटई झटकून अंथरते, एवढंच माझं काम. बाकी सगळं अंगणवाडीतले पोट्टे घेऊन येतात. एक किस्सा घरी नवऱ्याला सांगून होत नाही, तोवर दुसरा तयार! परवा बहिणीकडे नागपूरला गेले, तर भाच्यानं दारातच अडवलं, "मावशी, नवीन काय?" म्हटलं, आधी पाणी तर दे. मग बस. या खेपेचे बहुतेक कणकेचे आहेत.

आमचं गाव तुमसरहून आत, बपेऱ्याच्या रस्त्याला. अंगणवाडी म्हणजे एक खोली, पुढे ओटा, तीन ते सहा वर्षांची एकवीस मुलं, मी आणि मदतनीस गीताबाई. गीताबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या मांडीवर न्हालेली, त्यामुळे त्या कोणाच्या बापालाही भीत नाहीत.

* * *

ट्रेनिंगमध्ये आम्हाला 'प्ले डो' शिकवला. दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, थोडं तेल, पाणी. मळायचं आणि मुलांच्या हातात द्यायचं. बोटांत ताकद येते, पुढे पेन्सिल नीट धरता येते.

मी मोठ्या उत्साहानं गीताबाईंना सांगितलं. त्या परातीकडे बघतच राहिल्या.

"कणीक मळाची. मंग पोया नाही कराच्या?"

"नाही."

"खेळाले द्याची?"

"हो."

"ट्रेनिंगले जेवण नव्हतं का जी तुमाले?"

तरी मळली बिचारीनं. प्रत्येकाला एकेक गोळा दिला. मी 'साप करा, लाडू करा' म्हणेपर्यंत चार वर्षांच्या पिंटूचा अर्धा लाडू तोंडात! मी धावले. त्यानं तोंड वाकडं केलं, पण थुंकला नाही. शांतपणे गीताबाईंकडे वळून म्हणाला, "बाई, आज मीठ जास्त झालं. अन् शेकाचं राह्यलं."

गीताबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही पिंटूच ट्रेनिंग करून आला होता.

* * *

नुसत्या पांढऱ्या गोळ्याला मुलं कंटाळली. रंग हवा. दुकानातला रंग नको म्हणून घरचंच घेतलं. पालकाचा हिरवा, बिटाचा लाल आणि हळदीचा पिवळा. हळद जरा सढळ हातानं पडली. मुलांनी हात रंगवले, मग गाल, मग एकमेकांचे गाल. मी पुसत होते, पण हळद ती! घासून काय जाते?

दुसऱ्या दिवशी पिंटूची आजी लुगडं खोचून दारात उभी.

"म्याडम, आमाले न विचारताच लावून देल्लं का?"

"काय झालं, आजी?"

"हळद तं पाह्यली आमी पोट्ट्याची," आजी म्हणाली, "आता नवरी दाखवा!"

तिच्या मागून पिंटूनं मान बाहेर काढली आणि गंभीरपणे बोट केलं. सरळ गीताबाईंकडे!

* * *

एकदा सुपरव्हायझर मॅडम अचानक आल्या. नेमक्या कणकेच्या वेळी. त्या छोट्या राणीसमोर बसल्या. राणीनं सुंदर गोल गोळा केला होता.

"बाळा, हा कोणता आकार?"

राणी गोळा वळतच राहिली. मी मनात देव आठवले. सकाळीच 'गोल, गोल' म्हणून घसा बसवला होता.

"सांग ना. गोल की चौकोन?"

राणीनं मॅडमकडे पाहिलं, गोळ्याकडे पाहिलं आणि वरून फाडकन तळहात मारला.

"आता पापड हाय."

मॅडम हसू दाबत उठल्या. जाताना मला म्हणाल्या, "उत्तर टाळायचं कसं, ते या मुलीकडून शिकून घ्या. ऑफिसात कामाला येईल."

* * *

सुजलचे वडील गावच्या तलावात मासेमारी करतात. तो एरवी फळ्याकडे पाहत नाही. अक्षर दाखवलं की छताकडे बघतो. पण कणीक हातात पडली की मान वर करत नाही. एक दिवस त्यानं पाच मासे केले. काडीनं खवले कोरले, शेपट्यांना आकार दिला. मी खरंच थक्क झाले.

"वा! किती छान मासा!"

"कोणता?" त्यानं विचारलं.

"हा."

"तसं नाही. कोणता मासा?"

मी अंदाजानं म्हटलं, "रोहू?"

त्यानं कपाळावर हात मारला. "हा कतला होय! डोस्कं नाही दिसत का किती मोठं? अन् ही मरळ. हा रोहू."

"मला तर सगळे सारखेच दिसतात रे."

त्याला माझी दया आली असावी. तो जवळ सरकला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि फळ्याशी उभी राहून मी त्याला रोज सांगते ते जसंच्या तसं मला ऐकवलं.

"घाबराचं नाही. हळूहळू येईन तुमाले."

* * *

राखीच्या वेळी पुठ्ठ्यावर डिंक लावून धानाचे दाणे चिकटवले. मधोमध टिकली. इतक्या देखण्या राख्या झाल्या की काय सांगू! राणीनं आपली राखी पिंटूला बांधली, दोघांची घरं शेजारी. पिंटू हात पुढे करून गावभर मिरवला आणि मिरवून दमल्यावर अंगणात झोपला.

जागा झाला तर मनगटावर नुसता दोरा, शेजारी त्यांची तांबडी कोंबडी. दाणे, डिंक, टिकलीसकट साफ!

पिंटू रडला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं विचारलं, "म्याडम, माही राखी कोंबडीच्या पोटात हाय. तं ते माही बहीण होय का?"

मी कामात होते. म्हटलं, "हो रे बाबा, बहीण."

श्रावण संपला. त्यांच्याकडे पाहुणे आले. वडिलांनी कोंबडी धरायला हात घातला आणि पिंटू आडवा झाला. मारलं, समजावलं, चॉकलेट दिलं. पोरगा खुराड्याच्या तोंडावरून उठेना. "म्याडमनं सांगतलं, बहीण हाय!"

पाहुण्यांना वांग्याची भाजी वाढली. पिंटूची आई अजून मला रस्त्यात भेटली की सांगते, "म्याडम, तुमची विद्यार्थिनी बरी हाय. अंडे देऊन रायली."

* * *

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मोठी मुलं लाकडी नंदी घेऊन फिरतात. आमच्या लहानग्यांसाठी आम्ही कणकेचे बैल केले. कोणाचा तीन पायांचा, कोणाचा बसलेला, कारण उभाच राहीना. ओट्यावर ओळीनं मांडले, झुली म्हणून चिंध्या पांघरल्या. सरपंचबाईंना बक्षीस द्यायला बोलावलं.

राणीनं कणकेचा ट्रॅक्टर केला होता. चार चाकं, एक नळी, त्यावर लाल चिंधी.

"अगं, हा बैलांचा सण," सरपंचबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे बैल नाही. हाच नांगरते."

"तरी पण..."

"मी बाबाले सांगतलं," राणी म्हणाली, "काल पोळा होता, तरी याले कामावर नेल्लं. बैल बसून होते सगळे. मंग यानं काय पाप केलं?"

गर्दीत तिचे वडील उभे होते. सगळे त्यांच्याकडे वळून पाहू लागले. पहिलं बक्षीस ट्रॅक्टरला मिळालं. आणि यंदाच्या पोळ्याला, विश्वास ठेवा की नका ठेवू, राणीच्या अंगणात खरा ट्रॅक्टर दिवसभर उभा होता. धुतलेला, हार घातलेला, बॉनेटवर पुरणपोळी!

* * *

सान्वीला तिचे आजोबा पोचवायला येत. गाव त्यांना आबाजी म्हणतं. एकेकाळी धानाचं पोतं एका झटक्यात पाठीवर घेणारा माणूस. लकवा झाला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी कुत्र्यापुढे फेकला. घरात कोणाशी बोलत नसत. सान्वीला सोडून ओट्यावर बसत, उजवा हात दुपट्ट्याखाली झाकून, सुटी होईपर्यंत.

एक दिवस सान्वी म्हणाली, "म्याडम, आबाजीले पण गोळा द्या ना. ते रिकामेच बसून रायते."

मी अवघडले. आबाजी उखडले, "मी का लहान पोट्टा हाय?"

सान्वीनं ऐकलंच नाही. दुपट्टा बाजूला केला, त्यांच्या उजव्या तळहातावर गोळा ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटली. आबाजींनी डावा हात पुढे केला, तर तिनं त्यावर चापट मारली.

"हा नाही! हा तं हुशार हाय. ढ हाताले शिकवाचं."

मला वाटलं, आता म्हातारा ओरडणार. तो खाली बघत राहिला.

त्या दिवशी गोळ्यावर एका बोटाचा पुसट ठसा उमटला. सान्वी तो सगळ्यांना दाखवत फिरली. दुसऱ्या दिवसापासून गीताबाई गोळे मोजताना बावीस करू लागल्या, मी काही न सांगता. धान कापणीला आलं तेव्हा दोन बोटांचे ठसे होते. दिवाळीनंतर एक साप झाला, मधेच जाड, मधेच बारीक. सान्वी म्हणाली, "यानं बेंडूक खाल्ला वाट्टे." आबाजी हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

थंडीत मी मुलांना उन्हाला ओट्यावर बसवते. त्या सकाळी हजेरी घेत होते. आमच्याकडे नाव आलं की हात वर करायचा. पिंटू, राणी, सुजल, सान्वी. एकवीस नावं झाली, मी वही मिटली.

"म्याडम," मागून आवाज आला, "माहं राह्यलं."

मी वळले. आबाजी भिंतीला टेकून बसले होते. हात वर होता. उजवा. खांद्याच्या वर, थरथरत.

मी वही पुन्हा उघडली आणि सगळ्यांच्या खाली त्यांचं नाव लिहू लागले. गीताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. मुलं माना वळवून पाहू लागली. हात तसाच वर.

शेवटी सान्वी वैतागली.

"आबाजी, खाली कर ना आता. म्याडमनं पाह्यला!"