रोटातल्या चार गोळ्या

नरडाण्यापासून आत गेलेल्या एका गावात श्रावणात कानबाई देवी विसर्जनाला निघाली की तिच्यापुढे रुपचंद नाना नाचतात. तेही उलटे. देवीकडे पाठ करायची नाही, असा त्यांचा नेम. चौकापासून नदीपर्यंत ते एकदाही मागे बघत नाहीत. गटार कुठे, वळण कुठे, सगळं पायांना पाठ. एकेचाळीस वर्षं झाली.

गेल्या माघात शेतात पाणी भरताना त्यांची छाती आवळली. धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या.

"सध्या ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या. "गोळ्यांवर छान राहाल. पण एक दिवसही चुकवायची नाही."

रक्त पातळ ठेवणारी, चरबीची, ठोके आवरणारी, रक्तदाबाची. रोजच्या चार. शिवाय दुखलंच तर जिभेखाली ठेवायची एक, सदऱ्याच्या खिशात.

बहात्तर वर्षांच्या नानांनी एकच विचारलं, "श्रावणात नाचू का?"

"गोळ्या घ्या, रोज चाला. मग बघू."

त्या 'बघू'वर तानुबाईंनी, नानांच्या बायकोनं, सहा महिने काढले. त्यांच्या धाकात नाना आधी अंगणात चालले, मग फाट्यापर्यंत. आषाढात मारुतीचा चढ न थांबता चढले. शेजारचा चिंधा म्हणाला, "नाना, मन्ही छाती दुखस, पन तुमनी गोई नको, तुमनी बायको द्या." नानांनी त्याला काठी दाखवली.

श्रावण लागला. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू निघाले. त्यांच्या पिठाच्या पोळ्या म्हणजे कानबाईचा रोट. तो घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही आणि कणभरही उरू द्यायचा नाही. नानांचं सोवळं त्याहून कडक. गहू निवडले त्या दिवसापासून विसर्जनापर्यंत बाहेरचं काही तोंडात नाही. फाट्यावरचा चहासुद्धा नाही.

शनिवारी सकाळी तानुबाईंनी गोळ्यांचा डबा उघडला. बुधवारपासूनच्या गोळ्या जागच्या जागी.

"गोया का नही लिध्यात?"

"दुकानन्या त्या. बाहेरन्या."

तानुबाईंनी लगेच सुनेला फोन लावायला सांगितला. डॉक्टरीणबाईंनी दुपारीच बोलावून घेतलं. ईसीजीची पट्टी काढली. ठीक निघाली. मग नानांना मास्तरांसारखं झापलं. ठोक्याची गोळी अशी एकदम सोडणं जिवावर बेततं. राहिलेल्या एकदम घ्यायच्या नाहीत. आजपासून पहिल्यासारख्या.

"आणि नाच?"

"गोळ्या घेतल्यात आणि दुखलं नाही, तर सोमवारी विसर्जनाला चाला. उडी नाही. दुखलं की बसायचं."

बसमध्ये नानांनी हिशेब मांडला. गोळी घेतली तर नेम मोडतो, नाही घेतली तर नाच जातो. घरी आल्यावर म्हणाले, "मंगळवारपाईन लिसू. औंदा नही नाचाव." एकेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच म्हणाले. आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

तानुबाई देवघरात गेल्या. कानबाईच्या रोटाचं पीठ परातीत होतं. त्यांनी गोळ्यांची पाकिटं परातीशेजारी ठेवली. हळदकुंकू वाहिलं. हात जोडून देवीशी काहीतरी बोलल्या. सून सुनिता दारात उभी राहून बघत होती. तिला हसू आवरेना.

"आते काय व्हयनं?" नानांनी विचारलं.

"कानबाईना रोटमा बसन्यात गोया. आते घरन्याच त्या." तानुबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. "आनि रोट उराले नको. माहीत शे ना?"

नानांनी पाकिटांवरचं हळदकुंकू बघितलं. नेमावर नेमानंच मात. त्यांनी हात पुढे केला.

सोमवारी कानबाई निघाली. नाना पुढे, तोंड देवीकडे. उडी नाही, गिरकी नाही. फक्त एक पाय मागे, मग दुसरा, आणि दोन्ही हात वर. तानुबाई त्यांच्या मागून चालत, पाठीला तळहात लावून. गटार आलं की हाताने खुणावत. वाजंत्रीवाल्यांनी चाल आपणहून संथ केली. गाव त्या चालीवर नाचलं. नदीवर पोचले तेव्हा खिशातली गोळी खिशातच होती.

मंगळवारी रोट संपला. नानांनी शेवटचा तुकडा खाल्ला, हात धुतले आणि सुटलो म्हणून आडवे झाले.

तानुबाईंनी चार गोळ्या समोर धरल्या.

"आते कसान्या? रोट सरना ना."

"ह्या कोठे सरन्यात?" त्यांनी पाकीट हलवून दाखवलं. "आनि सरन्यात का सुनिता नव्या आनस."

नाना उठून बसले. "म्हंजे हाऊ रोट जलमभर?"

"जलमभर."

"बरं," नाना म्हणाले आणि पाणी मागितलं.