डाव्या पायाची वहाण

मारोतीदादा गेल्याचा फोन बोरीहून आला, तेव्हा पहिल्यांदा मनात काय आलं ते सांगायचीही लाज वाटते. सुटलो, असं वाटलं. आता खरं सांगणारं कोणी उरलं नाही... सहा आठवडे झाले. सुटलो मात्र नाही.

दादा माझा चुलतभाऊ, पाच-सहा वर्षांनी मोठा. आमची मेंढरं राखणारी घरं. येलदरीला धरणाचं काम निघालं तेव्हा आम्ही दोघं तिथं मजुरीला गेलो. मी पुढं शिकून मास्तर झालो, ते नंतरचं. एक दिवस दगड फोडताना दादाच्याच हातातली पहार निसटली आणि डावी पोटरी फाटली. मातीनं भरलेली जखम धरणावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरांनी धुतली, मेलेलं मांस काढलं, पण टाका घातला नाही. वर सैल पट्टी ठेवून मला बजावलं, "वारा लागू द्या. बंद केली तर आतून सडंल."

मी मान डोलावली. पण झोपडीत आल्यावर पट्टीवर माशा घोंघावू लागल्या. मेंढराच्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, म्हणून ती कडुलिंबाच्या पाल्यानं अन् हळदीनं बुजवून करकचून बांधायची, हे आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक. त्या कंपाउंडरला काय कळतंय, अशी माझी घमेंड. मी जखम बुजवली, बांधली. दादा कण्हत म्हणाला, "नाम्या, लय आवळलीस रं."

"गप पड," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी पाय सुजून काळानिळा पडला. कंपाउंडरांनी बोटानं दाबलं तर कातडीखाली करकर वाजलं. "कुणी बांधली ही?" दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं. "म्याच बांधली, साहेब." परभणीला नेऊन पाय मांडीतून कापला, म्हणून जीव वाचला.

पुढं गावानं त्याला जन्मभर ऐकवलं, आपल्याच हातानं पाय घालवला म्हणून. मी शेजारी बसून ऐकत राहिलो. मागं माझ्या डॉक्टर नातवानं सांगितलं, की अशी जखम सडवणारे जंतू हवा नसली की माजतात. आता काही मोठ्या दवाखान्यांत शस्त्रक्रिया अन् औषधांच्या जोडीला रोग्याला बंद खोलीत बसवून दाबाखाली प्राणवायू देतात. "आजोबा, तेव्हा जखम नुसती उघडी राहिली असती तरी कदाचित..." चोराच्या मनात चांदणं, मी विषयच बदलला.

तेराव्याला वहिनींनी खुंटीवरची पिशवी माझ्या हाती दिली. आत सगळ्या डाव्या पायाच्या कोऱ्या वहाणा. दादाला दर वेळी जोडच घ्यावा लागे. "सुटी कोन देतंय?" म्हणून तो हसायचा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा त्यांच्यावर लय जीव. माज्यानं फेकवंना. हट्टी मानूस, सोताच्या हातानं पाय घालवला न्हाई का?" मी पुन्हा मान डोलावली.

वहिनींना वाचता येत नाही. रविवारी नात त्यांना वर्तमानपत्राची ही पुरवणी मोठ्यानं वाचून दाखवते. समोर बसून सांगायची माझी छाती नाही, म्हणून हे लिहिलं. पिशवी माझ्या खाटेखाली आहे, रोज झाडताना केरसुणी तिला लागते. बाळ, इथं थांबू नकोस, पुढचं आजीला नीट वाच... वहिनी, ती पट्टी मी बांधली होती.