एकाच घशाची दोन पोरं

भुताची गोष्ट म्हटली की तुम्ही चिंचेचं झाड शोधणार, आड शोधणार, अमावस्या हाय का बघणार. गप बसा. माझ्या गोष्टीत भरदुपार हाय, एसी हाय, अन् लातूरच्या दवाखान्यातली ट्यूबलाइट लावलेली खोली हाय. तरी सांगताना अजून अंगावर काटा येतो.

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासूनचा आजार. तिथल्या डॉक्टर मॅडमनी समजावलं ते असं: अंगातला कचरा साफ करणारं एक एंझाइम असतं, ते याच्या अंगात तयारच होत न्हाई. म्हणजे गल्लीत घंटागाडी कधी येतच न्हाई. मग कचरा साचतो हाडात, जिभेत, घशात. पोरगं दुसरीतलं अन् आवाज बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याचा. मला नकलांचा लई नाद. हेडसरांपासून कंडक्टरपर्यंत सगळे माझ्या घशात राहायचे. भावाचा आवाज तर असा काढायचो की तो स्वतःच खदखदा हसायचा.

या आजारावर नवं औषध करून राहिले होते. तेच एंझाइम बाहेर तयार करायचं अन् सलाईनमधून अंगात सोडायचं. भावाचं नाव त्या चाचणीत लागलं. दर पंधरा दिवसाला माय, मी अन् तो, नांदेडहून एसटीनं लातूरला. पण एक मेख होती. काही पोरांना खरं औषध, काहींना नुसतंच सलाईन. कुणाला काय, हे मॅडमलाही ठाऊक न्हाई. बाटल्या दिसायला सारख्याच. माय त्या बाटलीकडं टक लावून बसायची, जसं काय बघून बघून कळणारच हाय.

पहिल्याच दिवशी भाऊ माझ्याजवळ बिस्कीट खात बसला होता, तोंड भरलेलं. अन् पडद्याच्या पलीकडून तो कण्हला. तोच आवाज. मी भावाकडं बघितलं. तो चावतच होता. पडदा सरकवला, तर तिकडं माझाच भाऊ झोपलेला. तेच जाड ओठ, तेच बसकं नाक, तशीच वाकडी बोटं. पोरगं औशाचं होतं, बाप टेलर. ना आमचं नातं, ना गाव एक, ना धर्म. "या आजाराची पोरं एकमेकांसारखीच दिसतात," मॅडम अगदी सहज म्हणल्या. मला मात्र वाटलं, आजार एकच हाय अन् त्यानं दोन ठिकाणी तोंड काढलंय.

मग मला खेळच सापडला. दोन्ही पोरं झोपली की मी दाराआडून तसाच कण्हायचो. भाषा न्हाई, शब्द न्हाई, नुसतं "ऊंऽऽ". दोघी बायका एकदम उठायच्या. "आले रे राजा," आमची माय. "हौ बेटा, आई मैं," त्या पोराची अम्मी. तिला मी चाची म्हणायचो. मला बघून ती हसायची, "बडा शैतान हाय जी तुमचा हा."

महिने गेले. एका दुपारी मी पुन्हा दाराआडून कण्हलो.

चाची उठली. "हौ बेटा."

माय उठली न्हाई. शेंगा फोडत होती, फोडतच राहिली.

मला वाटलं, ऐकू आलं न्हाई. पुन्हा कण्हलो. चाची पोराच्या कपाळावर हात ठेवून थांबली. पोरगं गाढ झोपलेलं. मग तिनं हळूच मान वळवून मायकडं बघितलं. मायचे हात थांबले. तेव्हा मला कळलं. आमच्याचा आवाज तसा राहिलाच नव्हता. हळूहळू कोवळा होत गेला, रोज ऐकणाऱ्या मला समजलं न्हाई. माझ्या घशात मात्र तो जुनाच बसून होता.

चाचीनं आपल्या पोराच्या बाटलीकडं बघितलं. तेवढ्यात तिचं पोरगं झोपेत कण्हलं. हुबेहूब माझ्यासारखं.

नुसत्या आवाजावरून काही ठरत न्हाई, असं मॅडम नंतर म्हणल्या. चाचणी अजून चालूच हाय.

पण त्या दुपारी मायनं मला दंडाला धरून जिन्यात ओढलं.

"लाज हाय का न्हाई तुला? ती बाई उठली अन् मी बसून राहिले. अन् खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. तिच्यासमोर! हसतोस काय, गाढवा?"

मी हसत नव्हतो. तोंडच तसं हाय माझं.

"परत तो आवाज काढलास तर जीभ उपटून हातात देईन. तुझ्या भावाचा न्हाई राहिला तो. तिच्या लेकराचा हाय आता, कळलं?"