राक्षस मेल्याची बातमी

मुरबाडहून कल्याणला जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही. त्या दुपारी मी आत बसून कंटाळलो होतो. शेजारी पन्नाशीची एक बाई होती. पायाशी वालाच्या शेंगांची पिशवी, हातात मुलाचा जुना व्हिडिओ गेम, मागचं झाकण रबराने बांधलेलं. पडद्यावरचा चिमुकला योद्धा उड्या मारत राक्षसावर तलवार चालवत होता. बाई ओठ घट्ट मिटून बटणं दाबत होती. राक्षस कोसळला तेव्हा "वा!" मीच म्हणालो.

तेवढ्यात बॅटरीचा लाल दिवा लुकलुकू लागला. बाईने मात्र योद्ध्याला मागे खेळातल्या गावात नेलं आणि ती त्याला एकेका घरात शिरवू लागली.

"अहो, आधी सेव्ह करा! सगळं पुसलं जाईल. त्या घरांत आता काही मिळत नाही."

"मिलाला कशाला पायजे? लढायला जाताना सगल्यांना सांगून गेलो ना आमी? मंग राक्षस मेला ते सांगाला नको?"

एका घरातल्या म्हाताऱ्याच्या तोंडून जपानी अक्षरं उमटली. ती तिलाही येत नव्हती, मलाही नाही.

"मगाशी पण हा हेच बोललेला. अजून भितोय बिचारा," ती म्हणाली. "थांब बाबा, परत सांगते."

तिने शांतपणे पुन्हा बटण दाबलं. दिवा लुकलुकतच होता.

ड्रायव्हरने दार आपटलं. "चला, भरली गाडी!"

गाडी सुटली की खड्ड्यात तिचं बटण चुकलं असतं.

"थांब रे जरा," मी ओरडलो, "एक घर राहिलंय."