राहूच्या हमालांचं लॅटिन

"मॅडम, पहार न्हाई लावायची," मुकादम आप्पा म्हणाले. "अक्षरं फुटत्याल."

दगड पालथा पडला होता. दौंडचं जुनं ख्रिस्ती कबरस्तान, साल १९९७. कंपाउंडची भिंत बांधायची होती. ज्या पडलेल्या दगडांवर नाव सापडणार नाही ते भिंतीखाली गाडायचे, असं कमिटीनं ठरवलं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या ग्रेस आंटी दोन वर्षं आजोबांची कबर शोधत होत्या. आता हा एकच दगड बघायचा राहिला होता. त्यांच्या दगडावरचा लेख लॅटिन असल्याचं आंटींनी घरी ऐकलं होतं, म्हणून पुण्याहून मला बोलावलं. मी कॉलेजात लॅटिन शिकवायची. वर्गात विद्यार्थी मोजून चार.

जवळच्या राहू गावचे सहा हमाल दगडाभोवती उभे राहिले. त्यांची एक पद्धत होती. आप्पा एकेकाकडं बघून विचारणार, "भार कुनाचा?" त्यानं "माजा" म्हटल्याशिवाय पुढच्याकडं वळायचं नाही. मला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला. सहाव्यानं "माजा" म्हटलं आणि आप्पा ओरडले, "तोला!" दगड अलगद उठला. कोपराही खरचटला नाही.

माती पुसली. आधी नाव निघालं. आंटींनी त्यावर हात ठेवला. "हेच. हेच माझे आजोबा."

नावाखाली दोनच शब्द होते : ओनुस तुलित.

"काय लिवलंय?" आप्पांनी विचारलं.

सांगायला तोंड उघडलं आणि आप्पांची मघाची हाक आठवली. 'तुलित'चं क्रियापद मुलांना रडवतं. 'मी वाहतो' म्हणजे फेरो, पण 'मी वाहिलं' म्हणजे एकदम तुली, 'त्यानं वाहिलं' म्हणजे तुलित. आपल्या जातो-गेलोसारखं, दोन वेगळ्या क्रियापदांचा एकत्र संसार. फेरोचं मूळ तेच, जे आपल्या 'भार'चं. तुलीचं तेच, जे 'तोलणे'चं. वीस वर्षं मी हे फळ्यावर लिहीत होते. आणि रोमचं नावही न ऐकलेली ही माणसं तीच दोन मुळं, त्याच कामाला, त्याच क्रमानं हाका मारून वापरत होती. हजारो वर्षं झाली असतील, तरी शब्दांनी काम सोडलं नव्हतं.

"यानं भार वाहिला, असं लिहिलंय," मी शेवटी म्हणाले.

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजी आमच्यातलाच हाय की." मग आंटींकडं वळून म्हणाले, "ताई, जागा दावा. ह्येंला नीट हुबा करूनच जातो."

पुढच्या वर्षापासून हे क्रियापद शिकवण्याआधी मी आप्पांसारखं 'भार कुणाचा?' विचारून चौघांना वर्गातलं सागवानी टेबल उचलायला लावायची. टेबल भयंकर जड होतं. क्रियापद कुणीही विसरलं नाही.