पायाला न कळणारी झीज

यमुनाताई तांडेल यांची आणि माझी पहिली भेट कल्याणच्या एका कुष्ठरोग दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाली. ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षे. मी तेव्हा डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. एकदा फळ्यावर लिहीत असताना पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या चपलेतून रक्त येतंय." खाली पाहिले, तर चपलेतला खिळा वर येऊन तळव्यात रुतला होता. मला काहीच जाणवले नव्हते. औषधांनी आजार बरा झाला होता, पण उजव्या तळव्यातली संवेदना कायमची गेली होती. जखम भरल्यावर डॉक्टरांनी मला ताईंकडे पाठवले.

ताई मूळच्या कोलशेतच्या, खाडीवर मासेमारी करणाऱ्या घरातल्या. ऐन तरुणपणी वैधव्य आले आणि त्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागल्या. तिथेच पादत्राणे करायला शिकल्या आणि पुढे तो विभागच त्यांच्याकडे आला. खोलीत भिंतीशी काळ्या रबरी सँडलींची रांग होती. त्या सँडली कुणाच्या पायात असतात, हे कल्याणात सगळ्यांना ठाऊक होते.

मी म्हटले, "ह्या मी घालणार नाही. शाळेत कळेल सगळ्यांना."

आता या समजूत घालतील, असे मला वाटले. ताई म्हणाल्या, "मग नको घालू. एक नंबर मोठे साधे बंद बूट घेऊन ये. काय करायचं ते आतून करू."

मी बूट घेऊन गेले, तेव्हा त्यांनी माझ्या तळव्याचा प्लास्टरचा साचा घेतला. प्लास्टर सुकेपर्यंत माझा पाय त्या दोन्ही हातांत धरून बसल्या. आजार कळल्यावर भावाने "मुलं लहान आहेत" एवढेच म्हणून मला वेगळी खोली पाहून दिली होती. त्यानंतर मला कुणी हात लावला नव्हता. तळव्याला ताईंचा हात कळत नव्हता, घोट्याला कळत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

साच्यावर बेतलेला आतला सोल तयार झाला. बुटात घातल्यावर तो कुणालाही दिसत नव्हता. मी आनंदाने विचारले, "किती वर्षं टिकेल हा?"

"वर्षं?" ताई हसल्या. त्यांनी एका जुन्या सोलवर अंगठा दाबून मला दाखवले. वरचे चामडे धडधाकट होते, पण आतले मऊ रबर बसले होते. असे रबर भार वाटून घेत नाही. सगळा भार एकाच जागी येतो आणि तिथे व्रण होतो. "दाबला का वर यायला पायजे. खड्डा राहिला तर गादी संपली. बाकीच्यांचा पाय दुखून सांगतो. तुजा नाय सांगनार. म्हनून सहा महिने झाले का यायचं, बूट नवा दिसला तरी."

बूट दिसत नसले तरी दवाखान्याची पायरी दिसतेच. दुसऱ्या वर्षी तिथून बाहेर पडताना शाळेतल्या एक शिक्षिका समोर आल्या. "इकडे कुठे?" त्यांनी विचारले. कुणा नातेवाइकाला भेटायला आले होते, असे मी सांगितले. पुढच्या खेपेला मात्र तिकडे पाऊल वळेना.

मुदत उलटून गेली आणि एका रविवारी ताई कापडी पिशवी घेऊन डोंबिवलीत माझ्या दारात उभ्या राहिल्या. खाली घरमालकीणबाईंनी हटकले, तेव्हा "हिची मावशी मी, कोलशेतची," असे सांगून त्या वर आल्या होत्या. त्या खोलीत आलेल्या त्या पहिल्या पाहुण्या. त्यांनी बुटातला सोल काढून दाबला. खड्डा तसाच राहिला. माझ्या तळव्यावर नेमकी तीच जागा लाल झाली होती; आणखी थोडे दिवस गेले असते तर कातडी फुटली असती. जपून ठेवलेल्या साच्यावरून केलेला नवा सोल त्यांनी सोबत आणला होता. पुढे कळले, की मोहने, टिटवाळा अशा ठिकाणी लपून राहणाऱ्या कित्येकांकडे त्या सुट्टीच्या दिवशी अशाच जात.

एका भेटीत मी त्यांना जेवायला थांबवले. दोन ताटे वाढली, तेव्हा त्यांनी विचारले, "तुज्यासोबत बसू?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्या सहजपणे म्हणाल्या, "घरी माजं ताट वेगळं असतं. मी ह्या लोकांचे पाय धरते ना. पुतन्याच्या हळदीला पन मला बाहेरच बसवली."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? त्यांना भीती वाटते. घाबरलेल्या मानसाशी काय भांडायचं?"

आम्ही वरणभात जेवलो.

ताईंचा एक शिरस्ता होता. पेशंट रस्त्यात भेटला, तर आपण होऊन ओळख द्यायची नाही. कारण कुणी विचारले, "या कोण?" तर त्याने काय सांगायचे? त्यामुळे ज्यांच्या पायाचा घाट न् घाट त्यांना पाठ होता, त्यांच्याच गावात त्या अनोळखी असल्यासारख्या वावरत.

नव्वदच्या दशकात एकदा मी मुख्याध्यापिकांबरोबर कल्याणच्या बाजारात बक्षिसांची पुस्तके घ्यायला गेले होते. समोर भाजीच्या गाडीशी ताई होत्या. त्यांनी मला पाहिले, माझ्या बुटांवरून नजर फिरवली आणि पाठ वळवली. त्यांची ती पाठ मला सोसली नाही.

"यमुनाताई!" मी हाक मारली.

त्या वळल्या. माझ्यासाठी घाबरल्या होत्या. "कोन वो तुमी? मी नाय वळखली."

मी त्यांचा हात धरला आणि मुख्याध्यापिकांना म्हटले, "ह्या यमुनाताई. मला कुष्ठरोग झाला होता, आता मी बरी आहे. माझ्या बुटातले सोल ह्या करतात."

मुख्याध्यापिकांनी ताईंना नमस्कार केला. परतीच्या वाटेवर मात्र त्या माझ्यापासून दोन हात लांबूनच चालल्या. नोकरी राहिली, पण शिक्षकखोलीत माझ्या शेजारची खुर्ची मधल्या सुट्टीत रिकामी राहू लागली. शनिवारी शाळा सुटली की मी दवाखान्यात ताईंच्या खोलीत जाऊ लागले, तिथे येणाऱ्या बायकांचे सोल दाबून बघायला शिकले. दुपारी आम्ही दोघी तिथेच जेवत असू.

आज ताई पंचाहत्तरीत आहेत. त्यानिमित्त होणाऱ्या सत्कारात निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या अनेक पेशंटांना मी लेख मागितला. नाव न छापण्याच्या बोलीवरही बहुतेकांनी नकार दिला. सत्काराला काही जण येतील, मागे बसतील आणि न भेटताच निघून जातील. ताई त्यांना बरोबर ओळखतील आणि नजर दुसरीकडे वळवतील.

ताईंनी शंभरी पाहावी. डोळे, गुडघे आणि तो अंगठा त्यांना शेवटपर्यंत साथ देवोत. आणि कल्याणच्या बाजारात त्यांना लोकांनी नावाने हाका माराव्यात, पावलोपावली थांबवावे, इतके, की भाजी घेऊन घरी पोचायला त्यांना रोज उशीर व्हावा.