बोरगावच्या घरातलं तेल

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. एका माणसानं गुप्त ठेवलेलं फोडावं लागेल, ही सबब होती. तो माणूस आता नाही.

मी आहारतज्ज्ञ. भूमध्य समुद्राकाठचे लोक जेवतात त्याच्या जवळपास आपल्याकडे कोण किती जेवतं, हे मोजायचा प्रोजेक्ट होता. भाज्या, कडधान्यं, फळं, मासे, तेल, वाईन, सगळ्याला गुण. ऑलिव्ह ऑइल इथं कुणाच्या घरात? त्याजागी आम्ही शेंगतेल धरलं. बोरगावच्या एका जैन घरात मी माशांचा प्रश्न विचारला, तेव्हा सून पद्मा आतल्या सासूकडं बघून हसली.

"साहेब, आत्ती तुम्हाला उंबऱ्याबाहेर काढतील. वाईनचं तर विचारूच नका."

बाकी सगळं ठीक होतं. तेल जुळेना. दर आठवड्याला मी कॅनचं वजन करायचो. पद्मा सांगायची त्यापेक्षा बरंच जास्त उतरलेलं असायचं. बॉसला फोन केला.

"अंडर-रिपोर्टिंग. लोक खातात जास्त, सांगतात कमी. सगळ्यांसमोर विचार."

सोप्यात सगळे बसलेले असताना विचारलं. "तेल एक तर पोटात जातंय, नाहीतर घराबाहेर."

सासूनं सुनेकडं पाहिलं. "दर बेस्तवारी भाऊ येतोय तुझा मच्छे गावाहून. मोकळ्या हातानं जात न्हाय वाटतं."

"आत्ती, त्याची पिशवी उघडून बघा की!"

"आता बघून काय? गेलं ते गेलं."

सासरे, आप्पा, मान खाली घालून होते. मला वाटलं, सुनेची लाज वाटतेय.

पुढच्या खेपेला कपाटाला कुलूप होतं, किल्ली सासूच्या कमरेला. पद्माला तेल वाटीनं मिळत होतं. त्या गुरुवारी भाऊ आलाच नव्हता. मी निघालो तसे आप्पा स्टँडपर्यंत मागं आले.

"त्याल मी न्हेतोय. बस्तीत, आमच्या देवळात, देवापुढच्या दिव्याला. गुप्तदान हाय. बोलून दाखवलं तर दान कसलं?"

"आणि सून?"

"तुमीच सांगा कायतरी. माझं नाव न घेता."

काटा बिघडला होता, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग त्याच काट्यावरची सगळ्या गावाची वजनं संशयात आली असती. तिथल्या तेलाचा हिशोब लागत नाही म्हटल्यावर बॉस म्हणाला, "ते घर वगळ." वगळलं. परत तिकडं गेलो नाही. कॅनमधून गेलेलं तेल म्हणजे खाल्लेलं तेल नव्हे, हे मात्र नव्या लोकांना ट्रेनिंगमध्ये आवर्जून सांगत राहिलो.

गेल्या वर्षी टिळकवाडीत एका लग्नात पद्मा समोर आली. केस पिकलेले.

"बोरगावला तेल मोजाय येत होता, ते साहेब तुम्हीच न्हवं?"

"नाही," मी म्हणालो, "दुसरे कोणी असतील."